फळीखालची जागा

माझ्या हातून लहानमोठ्या लबाड्या बऱ्याच झाल्या आहेत. शाळेत पुढच्या बाकावरचा पेपर बघून लिहिलं, नोकरीत न गेलेल्या दौऱ्यांचे अहवाल लिहिले. त्यांचं मला फारसं काही वाटत नाही, हे कबूल करतो. लाज वाटते ती एका व्हिडिओ गेममध्ये केलेल्या लबाडीची. कोणाला सांगायला जावं तर समोरचा हसायला लागतो. मीही बरीच वर्षं ते हसण्यावारी नेलं, म्हणून आता लिहून काढतोय.

नव्वद उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही जळगावात राहत होतो. माझी दहावीची परीक्षा संपली होती, निकालाला अवकाश होता, आणि सुरतेच्या मामांनी येताना टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. एक करडा डबा, वायरी लावलेले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर चित्र गाडीचं आणि आत भलतंच. आत निघाले दोन बुटके पहिलवान. हवेत अधांतरी लटकलेल्या चार फळ्या होत्या. त्यांच्यावर उड्या मारत एकमेकांना लाथाबुक्क्या घालायच्या आणि समोरच्याला फळीवरून खाली ढकलायचं. खाली जमीन नव्हती, नुसता काळा पडदा. त्यात पडलं की एक जीव गेला. प्रत्येकाला तीन जीव, आणि शेवटी ज्याचा पहिलवान फळीवर उरेल तो जिंकला.

त्या उन्हाळ्यात मला या गेमची एक चूक सापडली. सगळ्यात खालच्या फळीच्या अगदी कडेला यायचं, बाहेरच्या बाजूला पाठ करायची, मागे पाऊल टाकायचं आणि पाय सुटतो त्याच क्षणाला खाली बसायचं बटण दाबायचं. पहिलवान पडायला हवा. पण तो पडत नसे. टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या काठाआड, कोणाला दिसणार नाही असा, हवेतच उभा राही. मनात तीन आकडे मोजेपर्यंत तिथे उभं राहता येई आणि चालताही येई. फळीच्या खालून दुसऱ्या टोकाला जायचं, उडी मारून वर यायचं आणि समोरच्याच्या पाठीत लाथ घालायची. समोरच्याला वाटलेलं असे की हा पडला, मेला. तो बेसावध उभा असे. गेम बनवणारा कोणी असेल तो हिशेब चुकला होता आणि मला तिथे उभं राहायला जागा मिळाली होती.

ही युक्ती रोज वापरायची नाही, हे मला लवकर कळलं. पहिल्याच डावात वापरली तर दुसऱ्या डावात समोरचा कडेवर डोळा ठेवून बसतो. ती शेवटच्या जीवापर्यंत राखायची. शिवाय त्याआधी एकदा त्याच कडेवरून खरोखर पडून दाखवायचं, म्हणजे पुढच्या वेळी संशय येत नाही. एक जीव मुद्दाम घालवून पुढचा डाव बांधायचा, एवढं डोकं मला त्या वयात कुठून आलं कोण जाणे. भूमितीत ते कधी चाललं नाही.

हे सगळं एकट्या अक्काला माहीत होतं. अक्का माझी थोरली बहीण. त्या आधीच्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं होतं आणि पहिल्या अखाजीला ती माहेरी आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुलींचा तो सण. त्या दिवसांत लिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, आणि त्या साऱ्या गाण्यांत मुलीला सासरी परत जायचंच नसतं. पुरुष त्या दिवशी उघड्यावर पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर आमचे वडील, म्हणजे नाना, डोळे वटारायचे, पण अखाजीला तेच पानं पिसायचे. अक्का दुपारी माझ्या मागे सुपात गहू घेऊन निवडत बसायची. माझा पहिलवान फळीखालून वर आला की म्हणायची, "उठला रे मेलेला." तिला त्यात गंमत वाटायची.

सणाच्या तीन दिवस आधी दाजी आले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. त्यांचं गाव शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या अंगाला. नोकरी धुळ्याला, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. घरात आई, भाऊ, भावजया, पोरं धरून नऊ माणसं होती.

आता जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते आधीच सांगून टाकतो. दाजींनी धुळ्यात, पांझरा नदीच्या अलीकडे, दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. घरमालकाची अट एकच होती. एकट्या पुरुषाला तो खोल्या देणार नव्हता. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन राहायला या, नाहीतर दुसरं बिऱ्हाड तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं. दाजी आणि अक्का, दोघांनी ठरवलं होतं की जळगावहून गावी जायचंच नाही, थेट धुळ्याला उतरायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि मग घरी कळवायचं. आधी कळवलं असतं तर दाजींच्या आईने वेगळं निघू दिलं नसतं. आमच्या घरी सांगावं तर बातमी नातेवाइकांतून फिरत आठ दिवसांत शिरपूरला पोचली असती. म्हणून दोघंही मूग गिळून बसले होते. दाजी आले ते नुसते सणाला आले नव्हते, बायकोला घर दाखवायला न्यायला आले होते.

मला मात्र दिसत होता तो एक अवघडलेला जावई. नाना चार वाक्यं बोलून कचेरीत जात. आई पदर सावरून जेवायला वाढी आणि आत पळे. अक्काशी चारचौघांत बोलणं शक्य नव्हतं. दाजी खाटेवर बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले आणि अहिराणीत म्हणाले, "माले शिकाडशी का रे हाई?"

मी शिकवलं. खरं सांगतो, मला ते आवडलं होतं. मोठ्या माणसाने माझ्याकडे काही शिकायला मागावं असं तोवर झालं नव्हतं. दाजींचा हात स्थिर होता, काचेच्या नळ्या हाताळणाऱ्या माणसाचा असतो तसा. ते घाई करत नसत. एक चूक झाली की थांबून विचारत, ती का झाली हे समजून घेत आणि परत तीच करत नसत. उडीवर उडी कशी मारायची, लाथ कधी राखायची, वरच्या फळीवर कोणी असेल तर खालून कसं जायचं, सगळं त्यांनी उचललं. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा हरवलं. सणाच्या आदल्या दिवशी लागोपाठ चारदा. मी तोंडाने हसत होतो, पण आतून मला ते झोंबत होतं.

त्या चौथ्या डावानंतर त्यांनी रिमोट खाली ठेवला. "तू तं मना गुरू शे," ते म्हणाले. मग विचारलं, "आजून काही ऱ्हायनं का?"

"नाही दाजी, एवढंच," मी म्हणालो.

अक्का तेव्हा खोलीत नव्हती. असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

अखाजीच्या दिवशी सकाळी आईने दाजींना विनवलं, आणखी पंधरा दिवस मुलीला राहू द्या, पहिलीच अखाजी आहे. दाजी खाली मान घालून म्हणाले, आज निघणं भाग आहे. का, ते सांगेनात. आईचं तोंड उतरलं. दुपारी आमरस आणि सांजोऱ्या खाऊन झाल्या तरी घरात ते अवघडलेपण होतं. ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. चाळीसगावकडच्या खेड्यातून आमचे आबा आले होते. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, शेतकरी, मोठ्या आवाजाचे, ज्यांच्यापुढे नानाही बोलत नसत. ते पत्त्यांत हरून आत आले आणि आम्हाला टीव्हीपुढे बसलेलं पाहून त्यांना भलतंच सुचलं.

"जावईबापू, आज अखाजी शे, खेळाना दिन शे," आबा म्हणाले. "हाऊ पोऱ्या जिंकना तं पोर पंधरा दिन आठेच ऱ्हाई. तुम्ही जिंकनात तं आजच लई जा, कोणी काही बोलाव नही."

म्हणजे मी जिंकलो तर अक्का पंधरा दिवस इथेच, दाजी जिंकले तर तिने आजच निघायचं. सगळे हसले. दाजीही हसले आणि हो म्हणाले. मला तेव्हा वाटलं, काय भोळा माणूस आहे. आता कळतं, तो भोळेपणा नव्हता. सासऱ्यांना न दुखावता, कारण न सांगता निघायचा तो एकच मानाचा मार्ग त्यांना दिसला होता. आदल्या दिवशी त्यांनी मला चारदा हरवलं होतं. त्यांनी आपली ताकद नीट जोखली होती. मी सांगितलं तेवढ्यावरून जोखली होती.

तीन डाव ठरले. ओट्यावरचे लोक पत्ते टाकून आत आले. खोलीत उकाडा, पंखा टकटक करतोय, आणि दहा-बारा माणसं चौदा इंची टीव्हीपुढे. पहिला डाव दाजींनी सहज घेतला. दुसरा कसाबसा मी घेतला. तिसऱ्यात मी आधी एक जीव त्याच कडेवरून मुद्दाम घालवला. हे मी रागात केलं नाही, गोंधळात केलं नाही, ठरवून केलं. मग होता होता दोघांचा एकेक जीव उरला. दाजींनी मला खालच्या फळीवर कोपऱ्यात रेटलं. त्यांची चाल अगदी बरोबर होती. मी पाठ केली, मागे पाऊल टाकलं आणि बटण दाबलं.

माझा पहिलवान दिसेनासा झाला. आबा "अरे" म्हणाले. दाजींनी श्वास सोडला, रिमोट मांडीवर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात अक्का पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तिची नजर टीव्हीकडे गेली आणि तिला कळलं. मी वर येण्याआधीच तिला कळलं असेल की मी काय करतोय, कारण ती मनात आकडे मोजत असावी. मी वर आलो आणि दाजींच्या पहिलवानाला पाठीतून काळ्या पडद्यात ढकललं.

मग एकच गलका झाला. आबांनी माझ्या पाठीत थाप मारली. आई आतून बाहेर आली आणि पदराने डोळे पुसत हसली. दाजी टीव्हीकडे पाहत बसले होते. "मी रिमोट खाले ठेवाले नको व्हता," एवढंच ते हळूच म्हणाले, कोणाला नाही, स्वतःलाच.

साडेपाचची एसटी होती. दाजी आपली पिशवी भरत होते. अक्काने मला मोरीशी गाठलं.

"जाऊन सांग," ती म्हणाली. "सांग की ती खेळातली चूक आहे आणि तू त्यांना शिकवली नव्हतीस. अजून वेळ आहे."

"चूक कसली? खेळातच आहे ते. मी काय डबा उघडून बदल केला?"

"मग काल त्यांना का नाही दाखवलंस?"

मी चिडलो. म्हणालो, "तुझ्यासाठी जिंकलो तर तू मलाच बोलतेस. तुला काय माहेरी राहायचं नाही?"

तिने दाराकडे एकदा पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मला जायचंय. का ते विचारू नकोस. तू सांग फक्त."

ती स्वतः सांगू शकत नव्हती. बारा माणसांसमोर, पहिल्या अखाजीला, नव्या नवरीने 'मला नवऱ्याबरोबर जाऊ द्या' म्हणणं आमच्यात शक्यच नव्हतं. लोकांनी तिची जन्मभर चेष्टा केली असती आणि आईला ते मनाला लागलं असतं. तिच्याजवळ फक्त मी होतो. मला बाहेर ओट्यावर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. आबांची थाप अजून पाठीवर गरम होती. नाना पहिल्यांदाच चार लोकांत माझं नाव घेऊन कौतुक करत होते. मी अक्काला म्हणालो, "पंधरा दिवसांनी काय बिघडतं?" आणि तिथून निघून गेलो. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

दाजी एकटे गेले. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता. एसटीत चढताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दहाव्या दिवशी त्यांचं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतं, म्हणून त्यात आडून लिहिलं होतं की धुळ्याचं काम झालं नाही, ती जागा दुसऱ्यांनी घेतली. अक्काने ते वाचलं, उशीखाली ठेवलं आणि मागच्या दारी भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने मला खोल्यांचं सगळं सांगितलं. रडत नव्हती, भांडत नव्हती. एकेक गोष्ट सांगत होती. खिडकीला हिरवे गज होते. नळ आतच होता. मोठ्या खोलीत पाट ठेवायला कोनाडा होता. हे तिने पाहिलेलं नव्हतं, दाजींनी सांगितलेलं होतं. शेवटी म्हणाली, "नानांना बोललास तर याद राख." मी बोललो नाही. ते तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. खोल्यांचं सांगितलं असतं तर डावाचंही निघालं असतं.

मी त्यानंतर तो गेम फारसा खेळलो नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण खेळलो. ती युक्तीही वापरली.

पुढच्या अखाजीला नानांनी मला मुराळी म्हणून पाठवलं. मुलीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. मी शिरपूरला उतरून पुढे टमटमने गावात पोचलो तेव्हा अक्का डोक्यावर दोन हंडे घेऊन येत होती. तिला पाचवा महिना होता. हंडे उतरवायला मी पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे, सवय आहे." तिने मला जेवू घातलं, आईची विचारपूस केली, नानांच्या गुडघ्यांचं विचारलं. पिशवी भरायची मात्र लक्षणं दिसेनात.

"निघायचं ना?" मी विचारलं.

"मी येत नाही."

"आई वाट बघतेय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण मागच्या वेळी आले होते तेव्हा मी परत कधी जायचं ते तुम्ही खेळून ठरवलं. आता इथेच बरी आहे." ती हे रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली.

फाट्यापर्यंत सोडायला दाजी आले. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. वर्षभरात ते वाळले होते. पहाटे निघायचं, दिवेलागणी उलटून गेल्यावर घरी यायचं, असं चालू होतं. धुळ्यात दुसरी खोली पाहिली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाटेत ते माझ्या अकरावीबद्दल बोलत राहिले. रस्त्यावर उन्हात बसची वाट पाहत आम्ही उभे होतो तेव्हा ते एकदम म्हणाले, "येष्टीमा बसनू का तो आपला डाव मना डोकामा फिरस. जाताना फिरस, येताना फिरस." मग थोडे लाजल्यासारखे हसले. "तू माले बठ्ठं शिकाडं व्हतं. मंग खरं सांग, मी कोठे चुकनू?"

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कोणी नव्हतं. अक्का घरी होती, नाना-आबा दूर होते, आणि बस लांबवर नुसता ठिपका दिसत होती. तेवढ्या वेळात सांगून झालं असतं.

"दाजी, तुमचा अंगठा जरा उशिरा उठतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. बस सुटल्यावर मी खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि उजवा अंगठा वरखाली करून पाहत होते.